पायाच्या हाडाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची फिजिओथेरपी

मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, रॉड किंवा प्लेट बसते आणि एक्स-रेमध्ये हाड सरळ दिसले की घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव येतो. मग सल्ले सुरू होतात. "आता दीड महिना पाय अजिबात हलवू नकोस, हाड धरले की बघू." हे सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण त्यामुळे शस्त्रक्रियेचा मूळ हेतूच बाजूला पडतो. हाड नुसते जुळावे एवढेच हवे असते, तर पायाची बहुतेक मोडलेली हाडे प्लॅस्टरमध्ये किंवा वजने लावून ताणात ठेवूनही जुळत होती. रॉड आणि प्लेट वापरात आल्या त्या हाड पुरते जुळण्याआधीच सांधे हलवता यावेत, स्नायू कामाला लावता यावेत आणि माणूस खाटेवरून उठावा म्हणून. शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि नंतर पाय उशीवर ठेवून पडून राहायचे, म्हणजे शस्त्रक्रियेची जोखीम पत्करून तिचा अर्धा लाभ सोडून देणे. फिजिओथेरपी ही उपचार संपल्यावर करायची जास्तीची गोष्ट नव्हे. शस्त्रक्रियेने जे शक्य केले ते प्रत्यक्षात उतरवणारा तो उपचाराचा दुसरा भाग आहे. हे कसे, याचा विचार हाड, स्नायू, सांधा आणि भार अशा क्रमाने करू.

विश्रांतीकडून हालचालीकडे

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे अस्थिरोगतज्ज्ञ संपूर्ण, अखंड आणि दीर्घ विश्रांतीचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या नावाचा स्प्लिंट आजही आपल्याकडच्या अपघात विभागांत दिसतो. त्याच काळात पॅरिसचे लुका-शांपिओनिएर नेमके उलट सांगत होते: मोडलेल्या अवयवाला हलक्या हाताने चोळा आणि लवकर हालचाल द्या. थॉमस यांचा विचार वरचढ ठरला, आणि त्या काळात ते साहजिकही होते. आतून आधार देण्याची खात्रीची सोय नसताना हालचाल दिली, तर हाड जागेवरून सरकण्याची भीती खरी होती.

या विश्रांतीची किंमत मात्र जबर होती. मांडीचे हाड मोडलेला रुग्ण दोन-तीन महिने खाटेला खिळलेला असे, पायाला वजने टांगलेली. हाड जुळे, पण तोवर गुडघा आखडलेला, मांडी काडीसारखी झालेली, हाडे विरळ झालेली आणि पाठीला शय्याव्रण पडलेले असत. म्हणजे मूळ दुखणे बरे होई आणि उपचारातून दुसरे जडे. या दुसऱ्या दुखण्याला शल्यविशारदांनी 'अस्थिभंगाचा आजार' असे नाव दिले.

१९३९ मध्ये जर्मनीतील कील येथे गेऱ्हार्ड क्युन्चर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड बसवला आणि चित्र पालटू लागले. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन 'एओ' हा गट स्थापन केला. त्यांनी मांडलेली चार तत्त्वे आजही शिकवली जातात: तुकडे मूळ जागी आणणे, ते स्थिर करणे, हाडाचा रक्तपुरवठा जपणे आणि लवकर हालचाल सुरू करणे. चौथे तत्त्व शोभेपुरते नाही. पहिल्या तिन्हींचा खटाटोप त्याच्यासाठीच आहे.

हाडाला भार का लागतो

हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवते, हा सिद्धान्त युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये सविस्तर मांडला. त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अंतराळवीरांत सापडतो. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. अंतराळवीर धडधाकट असतात, खातात-पितात, व्यायामही करतात. फक्त पायांवर वजन नसते. महिनाभर पाय जमिनीला न टेकवलेल्या रुग्णाच्या हाडाचीही झीज याच दिशेने चालू असते.

मोडलेल्या जागी आधी रक्त गोठते आणि सूज येते. दोन-तीन आठवड्यांत तंतू आणि कूर्चा यांचा मऊ जोड तयार होतो, पुढच्या काही आठवड्यांत त्यात क्षार भरून तो टणक होतो आणि नंतर कित्येक महिने त्याची घडण चालू राहते. रॉड बसवलेला असेल तर फटीत होणारी हाडाच्या लांबीच्या दिशेची किंचित हालचाल या जोडाला पोषक ठरते. आडवी किंवा पीळ देणारी हालचाल मात्र घातक असते. तुकडे घट्ट आवळून प्लेट लावलेली असेल, तर बाहेरून जोड फारसा दिसतच नाही. हाड थेट पण सावकाश सांधते आणि तोवर बराचसा भार प्लेट सोसते. धातूलाही थकवा येतो. हाड वेळेत जुळले नाही तर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने प्लेट किंवा स्क्रू तुटतो.

म्हणून शेजारच्या दोन खाटांवर नडगी मोडलेले दोन रुग्ण असले, तरी एकाला तिसऱ्या दिवशी पाय टेकवायला सांगतात आणि दुसऱ्याला दीड महिना मनाई करतात. 'त्याला चालवले, मला का नाही' या प्रश्नाचे उत्तर हाड कुठे आणि कसे मोडले आणि ते कशाने धरले आहे, यात असते. भार हे औषध आहे, आणि त्याची मात्रा रुग्णागणिक ठरवावी लागते.

स्नायू आणि सांधे: खरी घाई इथे आहे

हाड आपला वेळ घेते. त्याला कोणी फारसे ढकलू शकत नाही. स्नायू आणि सांध्यांचे तसे नाही. त्यांच्या बाबतीत पहिले काही आठवडे निर्णायक असतात, आणि नेमके तेच वाया जातात.

मांडीच्या पुढच्या बाजूचा चतुःशिरस्क स्नायू गुडघा सरळ करतो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला सांगावे, "पाय सरळ ठेवून वर उचला." तो मनापासून प्रयत्न करतो, कपाळावर घाम येतो आणि टाच गादीवरून सुटत नाही. रुग्णाला वाटते, पायातला जीवच गेला. एका दिवसात स्नायू वाळत नसतो. गुडघ्यातली सूज आणि वेदना यांमुळे मज्जारज्जूकडून त्या स्नायूला जाणारा संदेशच दाबला जातो. गुडघ्यात साठलेले थोडेसे पाणीही एवढे करू शकते. हा अडथळा लवकर मोडला नाही, तर संदेशाअभावी पडून राहिलेला स्नायू मग खरोखरच वाळतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, वाटी मांडीकडे ओढली गेलेली पाहायची, पाच-सहा सेकंद धरायचे आणि सोडायचे, हा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे. तो या तुटलेल्या संदेशासाठी असतो. म्हणूनच तो पहिल्या दिवसापासून आणि दिवसातून बऱ्याच वेळा करायचा असतो.

सांध्याचा प्रश्न वेगळा आहे. गुडघ्याच्या वर सांध्याच्या आवरणाची एक सैल घडी असते. गुडघा वाकताना ती उलगडते. गुडघा आठवडेच्या आठवडे स्थिर राहिला, की रक्तस्रावातून आलेले तंतू ही घडी चिकटवून टाकतात. मांडीचे हाड खालच्या भागात मोडलेले असेल तर स्नायूचा खोल थर हाडालाच चिकटतो. सुरुवातीला हे बंध मऊ असतात आणि रोजच्या हालचालीने सुटतात. दोन-तीन महिन्यांनी ते चिवट होतात. मग ताणूनही गुडघा साठ-सत्तर अंशांपुढे जात नाही आणि कधी कधी तो सोडवण्यासाठी आणखी एक मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. हाड उत्तम जुळलेल्या माणसावर गुडघ्यासाठी पुन्हा टेबलावर जाण्याची वेळ यावी, हे बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते.

उशीची गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. दुखऱ्या गुडघ्याखाली उशी ठेवली की बरे वाटते, म्हणून घरचे प्रेमाने ती सरकवतात आणि गुडघा रात्रंदिवस थोडा वाकलेला राहतो. महिन्याभराने तो पूर्ण सरळ होत नाही, पाय आखूड झाल्यासारखा वाटतो आणि माणूस लंगडतो. पाय उंच ठेवायचा असेल तर उशी टाचेखाली किंवा पोटरीच्या खालच्या भागाखाली घ्यावी, गुडघा मोकळा सोडावा. तसेच पाऊल सैल सोडून पडून राहिले तर चवडा खाली झुकतो, पोटरी आखडते आणि पुढे टाच टेकेनाशी होते. घोटा वर-खाली करण्याचा व्यायाम यासाठी असतो. त्याने पोटरीतले रक्तही वाहते राहते आणि शिरेत गाठ होण्याचा धोका कमी व्हायला हातभार लागतो.

किती वाकणे पुरेसे?

सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण साठ अंश वाकतो. जिने चढउतार करायला ऐंशी ते शंभर अंश लागतात, खुर्चीतून सहज उठायला नव्वदच्या आसपास. पाश्चात्त्य पुस्तकांतली उद्दिष्टे खुर्ची, कमोड आणि मोटारगाडीच्या जगात ठरलेली आहेत, म्हणून ११०-१२० अंशांवर ती समाधानी असतात. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्याला, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणाऱ्याला, वाफ्यात बसून निंदणी करणाऱ्या बाईला त्याहून बरेच अधिक वाकणे लागते, आणि टाच टेकवून उकिडवे बसायला घोटाही पुरेसा वर यावा लागतो. त्यामुळे 'गुडघा शंभर अंश झाला, छान' असे म्हणून मोकळे होणाऱ्या थेरपिस्टने रुग्णाचे घर आणि काम विचारलेलेच नसते. सांध्यातच मोड असेल तर उकिडवे बसणे पुन्हा कधी आणि कितपत जमेल, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचे. पण हा प्रश्न पहिल्या भेटीतच निघायला हवा.

मोड कुठे, वजन किती

म्हाताऱ्या माणसांचा खुब्याचा अस्थिभंग सगळ्यांत निकडीचा. इथे अंथरूण हाच शत्रू आहे. पडून राहिल्याने न्युमोनिया, शिरेतली गाठ, शय्याव्रण, भ्रम हे सगळे दारात उभे असते आणि वृद्ध माणूस त्यातून सहसा सावरत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०११ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे की वैद्यकीय अडचण नसेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने रुग्णाला उठवावे. शस्त्रक्रियाही अशी करायची की पूर्ण वजन लगेच टाकता येईल. ऐंशी वर्षांच्या आजींना 'अर्धेच वजन टाका' हे जमतच नाही. "आजीला त्रास देऊ नका, झोपू द्या" म्हणणाऱ्या नातवंडांना हे समजावणे हे थेरपिस्टचे अर्धे काम असते. वेदनाशामक औषध आधी द्यावे, दोघांनी आधार द्यावा, पण आजींना उठवावेच.

मांडीच्या आणि नडगीच्या मधल्या भागात रॉड असेल तर बहुतेक रुग्णांना सोसेल तेवढे वजन लवकर टाकता येते. गुडघ्याच्या पृष्ठभागाशी नडगीचे हाड मोडले असेल तर हिशेब उलटा होतो. तिथे वजन घाईने टाकले की सांध्याचा पृष्ठभाग खचतो, म्हणून बरेचदा सहा ते बारा आठवडे वजन मर्यादित ठेवतात. गुडघा वाकवणे मात्र लवकर सुरू करतात. वजन बंद म्हणजे हालचाल बंद, ही गफलत इथे सर्वांत महाग पडते. वाटी तारेने बांधलेली असेल तर वाकवणे टप्प्याटप्प्याने वाढवायचे आणि गुडघा जोर लावून सरळ करणे काही काळ टाळायचे.

घोट्याबाबत अलीकडे विचार बदलला आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, असा जुना दंडक होता. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दोन आठवड्यांनी वजन टाकू लागलेल्या रुग्णांचे चार महिन्यांनंतरचे परिणाम सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा वाईट ठरले नाहीत. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल किंवा हाड फारच ठिसूळ असेल, तर अर्थातच जपून चालावे लागते.

'थोडे वजन टाका' म्हणजे किती, हे शिकवल्याशिवाय कळत नाही. साध्या वजनकाट्याने ते शिकवता येते. वॉकर धरून उभे राहायचे, चांगल्या पायाखाली काट्याच्या उंचीची फळी, दुखरा पाय काट्यावर. काटा वीस किलो दाखवेपर्यंत हळूहळू दाबायचे आणि तळव्याला ते कसे लागते हे लक्षात ठेवायचे. बहुतेक जण पहिल्याच प्रयत्नात मर्यादा ओलांडतात, आणि सराव करूनही ही जाणीव पक्की राहत नाही; म्हणून काट्यावर पुन्हा पुन्हा उभे राहावे. कुबड्यांचेही असेच. काखेत दोन-तीन बोटांची जागा हवी, कोपर किंचित वाकलेले आणि भार तळहातांवर. काखेवर लोंबकळल्यास हाताची नस दबून मनगट लुळे पडू शकते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रुग्णाला हे शिकवल्याशिवाय घरी पाठवू नये.

व्यायामाची मात्रा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांची गर्दी झाली होती. त्यांत मांडीचे हाड मोडलेले आणि गुडघा जायबंदी झालेले कितीतरी जण होते. तिथे थॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरांनी हलका, कंटाळवाणा व्यायाम बाजूला ठेवून क्रमाने वाढत्या वजनांचा व्यायाम सुरू केला आणि १९४५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी जी पद्धत बसवली तिचे गणित सोपे आहे: दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन शोधा, त्याच्या निम्म्याने दहा वेळा, पाऊणपटीने दहा वेळा आणि मग पूर्ण वजनाने दहा वेळा उचला, ते सोपे झाले की वजन वाढवा.

ऐंशी वर्षे झाली, तरी आपल्याकडच्या अनेक केंद्रांत रुग्ण शेक घेतो, यंत्राच्या पट्ट्या लावून वीस मिनिटे पडतो, पाय दहा वेळा हलवतो आणि घरी जातो. आठवडे जातात, वजन वाढतच नाही. शेकाने आणि विजेच्या यंत्राने वेदना काही काळ कमी होते, हे खरे. पण वाळलेला स्नायू त्याने भरत नाही. धातू बसवलेल्या जागी तर शॉर्टवेव्ह डायाथर्मीचा शेक वर्ज्यच आहे. माझे स्पष्ट मत आहे की हाड जुळू लागल्यावरही ज्या फिजिओथेरपीत भार वाढत नाही, ती अपुरी फिजिओथेरपी आहे.

वाढवायचे किती, याची खूण शरीर देते. व्यायामानंतरचे दुखणे रात्रीपर्यंत शमले तर मात्रा बरोबर. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर ती जास्त झाली. दुसऱ्या कोणी जोर लावून गुडघा दामटून वाकवणे हा उपचार नव्हे. त्याने आत नवा रक्तस्राव होतो, कधी स्नायूत हाडासारखी गाठ तयार होते. सुजलेली पोटरी दुखत असताना मालिश करणेही धोक्याचे. शिरेत गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, ताप आला, जखमेतून स्राव आला किंवा धाप लागली तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडे जावे.

काठी सोडण्याची घाईही अशीच नडते. काठीशिवाय लंगडत चालण्यापेक्षा दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी घेऊन सरळ चालणे कितीतरी चांगले, कारण लंगडण्याची सवय जडली की स्नायू भरल्यावरही ती जात नाही.

थेरपिस्टची गरज कितपत?

इथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. घोट्याच्या अस्थिभंगावर ऑस्ट्रेलियात झालेली आणि २०१५ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेली एक चाचणी सांगते की प्लॅस्टर निघाल्यावर थेरपिस्टने नीट समजावून दिलेला सल्ला आणि देखरेखीखालचा व्यायाम कार्यक्रम यांच्या परिणामांत फरक पडला नाही. त्यातून फिजिओथेरपी निरुपयोगी ठरत नाही. सल्ला देणाराही थेरपिस्टच होता. अर्थ एवढाच की साध्या मोडीत रोज पैसे भरून दवाखान्याच्या चकरा मारणे आवश्यक नाही. नेमके शिकवणे आणि ठरावीक दिवसांनी तपासणे पुरते. गुडघ्याच्या सांध्यातली मोड, अनेक हाडांची मोड, खुब्याची शस्त्रक्रिया झालेले वृद्ध, गुडघा आखडू लागलेला रुग्ण यांना मात्र देखरेखीचा हात हवा. थेरपिस्टचा वेळ तिथे जावा.

खेड्यापाड्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. फिजिओथेरपीचे देशातले पहिले विद्यालय १९५२ मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाले. आज राज्यात महाविद्यालये भरपूर आहेत, पण तालुक्याच्या गावी थेरपिस्ट मिळेलच असे नाही. पाय मोडलेला शेतमजूर रोज एसटीने शहरात येऊ शकत नाही. त्याची मजुरी बुडालेली असते आणि सोबतच्या माणसाचीही. अशा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी करा' एवढे दोन शब्द लिहून भागत नाही.

म्हणून वाचकांना विनंती. तुमच्या घरच्या कोणाच्या पायाची शस्त्रक्रिया झाली असेल तर रुग्णालयातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारा: या पायावर आज किती वजन टाकायचे आणि ते कोणत्या तारखेपासून वाढवायचे; गुडघा आणि घोटा किती वाकवायचा; कोणते व्यायाम दिवसातून किती वेळा करायचे; काय दिसले तर लगेच परत यायचे. उत्तरे तोंडी घेऊन निघू नका, कार्डावर मराठीत लिहून मागा. व्यायाम एकदा तरी त्यांच्यासमोर करून दाखवा. आणि घरी आल्यावर त्या रात्री गुडघ्याखाली उशी ठेवू नका.